बाहेरून बसवलेला शॉकअप

मोटारीच्या चाकाशेजारी, स्प्रिंगच्या आत किंवा बाजूला, तेलाने भरलेली एक नळी उभी असते. गॅरेजमध्ये तिला शॉकअप म्हणतात, सरकारी मराठीत धक्काशोषक. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा कमानपाटा. शॉकअपचे काम त्यानंतरचे. दबलेली स्प्रिंग नुसती सुटून गप्प बसत नाही. ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि तिच्यावर बसलेली गाडी पाळण्यासारखी डोलत राहते. हे डोलणे एक-दोन हेलकाव्यांत विझवणे एवढेच शॉकअपकडून अपेक्षित असते. फ्रेंचांनी त्याला ‘आमॉर्तिसर’ म्हटले. त्या शब्दाच्या मुळाशी मरणाचा अर्थ आहे, हालचाल मारून टाकणारा. तीन नावांत खरे तेच.

या भागाचा इतिहास सांगताना एक गोष्ट सहसा मागे राहते. शॉकअप मोटार कारखान्यात जन्मला नाही. गाडी विकत घेतल्यावर मालकाने बाजारातून आणून बसवायची ती वस्तू होती. कारखान्यांनी तो नंतर उचलला. पुढेही अनेक सुधारणा आधी बाहेरच्या दुकानात किंवा शर्यतीत आल्या आणि मग कारखान्याच्या दारातून आत गेल्या. आज गाडीचा मूळ शॉकअप काढून दुसऱ्या कंपनीचा चढवणारा मालक काही नवे करत नाही. तो जुनीच रीत चालवतो.

स्प्रिंग शॉकअपपेक्षा बरीच जुनी. लंडनच्या ओबादाया इलियट याने १८०४ साली बग्गीसाठी लंबगोल कमानपाट्यांची रचना केली आणि घोड्याच्या गाडीतला प्रवास सुसह्य झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया याच कुळातल्या. आपल्या बैलगाडीला असले काही नव्हते. कडबा पसरून वर घोंगडी टाकली की झाले. बग्गीला वेगळ्या शॉकअपची गरज पडली नाही, कारण पाट्यावर पाटा रचलेला असल्याने वाकताना ते एकमेकांवर घासत आणि त्या घासण्यातच उसळी मरे. घोड्याच्या चालीला तेवढे पुरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोटारी दुप्पट-तिप्पट वेगाने त्याच रस्त्यांवर धावू लागल्या, तेव्हा पुरेनासे झाले. वेगात चाक रस्ता सोडून हवेत राहू लागले. हवेतल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. शॉकअपचा प्रश्न आरामाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी पकडीचा प्रश्न आहे.

पहिले चालणारे उत्तर सायकलवर मिळाले. ज्यूल ट्रुफो या फ्रेंच माणसाने १८९८ च्या सुमारास स्प्रिंग लावलेल्या सायकलच्या पुढच्या चिमट्यावर घर्षणाचा एक सांधा बसवला. अमेरिकेतल्या एडवर्ड हार्टफर्डच्या तो नजरेत भरला. त्याने तो मोटारीसाठी मोठा केला आणि न्यू जर्सीत त्याचा धंदा उभारला. हार्टफर्डचा शॉकअप दिसायला कात्रीसारखा. एक हात चॅसीला, दुसरा अॅक्सलला. दोन्ही जिथे मिळतात तिथे धातूच्या चकत्यांमध्ये लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या आणि मधून एक बोल्ट. चाक वरखाली झाले की कात्री उघडझाप करते, चकत्या घासतात, उसळीचा जोर त्यात जिरतो. नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. शर्यतीच्या आदल्या रात्री पान्हा घेऊन हा नट फिरवत बसणे हे तेव्हाच्या मेकॅनिकचे नित्याचे काम. ब्रिटनमध्ये आंद्रे कंपनीने हाच माल परवान्याने बनवला, आणि पुढे चालकाला बसल्या जागेवरून चकत्यांवरचा दाब कमीजास्त करता येईल अशी सोयही दिली.

अमेरिकेत या बाजाराला खरे गिऱ्हाईक दिले ते फोर्डच्या मॉडेल टीने. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या वर विकली गेलेली ही गाडी कारखान्यातून शॉकअपशिवाय निघे. पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे कमानपाटे, आणि खेड्यांतल्या मातीच्या वाटा. साहजिकच तिच्यासाठी सुटे सामान बनवणाऱ्यांची एक जत्राच भरली. इंडियानापोलिसच्या हॅसलर कंपनीचे ‘शॉक अॅब्सॉर्बर’ फार खपले. प्रत्यक्षात त्या जादा स्प्रिंगा होत्या, उसळी मारण्याची सोय त्यांत नव्हतीच. नावाचा घोटाळा इतका जुना आहे.

क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरची गोष्ट मात्र थोडे थांबून सांगण्यासारखी. तो मूळचा वादक, आणि गाडीच्या धुराच्या नळीवर वाजणारा तुतारीसारखा भोंगा बनवून त्याने नाव कमावले. तुतारीवाल्या देवदूतावरून भोंग्याचे नाव ठेवले गॅब्रिएल. त्यानंतर त्याने ‘स्नबर’ काढला: एका डबीत गुंडाळलेला मजबूत पट्टा, त्याचे टोक अॅक्सलला. चाक वर गेले की पट्टा आत ओढला जाई, खाली येताना घासत, अडत सुटे. म्हणजे चाकाला वर जायची मुभा, खाली उसळायला अटकाव. त्यावर फॉस्टर गडगंज झाला आणि १९५२ साली संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावून त्याने जवळजवळ ४० लाख डॉलर एका बैठकीत वाटून टाकले. भोंग्याचे नाव शॉकअपला चिकटले ते कायमचे, आणि पुढे मुलुंडपर्यंत आले.

घर्षणाच्या शॉकअपमध्ये एक मूळचीच खोट होती. चकत्यांचा अडथळा वेगाबरोबर वाढत नाही. उलट थांबलेली चकती हलवायला जास्त जोर लागतो आणि सरकू लागली की कमी. त्यामुळे छोट्या खडीवर शॉकअप जाम राहून धक्का थेट बसायचा, आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे अडवायला हवे तिथे, तो ढिला पडायचा. पावसात चकत्या भिजल्या की त्याहून हाल. तेलाचे वागणे याच्या उलट. बारीक भोकातून तेल हळू ढकलले तर ते सहज जाते, जोरात ढकलले तर अडते. नुसते भोक असेल तर वेग दुप्पट झाल्यावर विरोध साधारण चौपट होतो. मॉरिस उदाय या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात या गुणाचा उपयोग केला. गोल डबीत तेल, त्यात फिरणारे पाते आणि बाहेर एक दांडा. हे शॉकअप पुढे अमेरिकेत बफेलो शहरी बनू लागले, आणि १९२७ च्या अखेरीस फोर्डने मॉडेल ए बाजारात आणली तेव्हा तिच्यावर ते कारखान्यातूनच बसवलेले होते. मॉडेल टीच्या मालकाला जे बाजारात हुडकावे लागे, ते नव्या गाडीच्या किमतीत आले.

दांड्याचे हे तेलाचे शॉकअप पुढे बरीच वर्षे टिकले. ब्रिटिश एमजीबीवर ते १९८० पर्यंत, म्हणजे गाडी बंद होईपर्यंत होते. जगाने नळीचा शॉकअप स्वीकारून पाव शतक उलटले तरी कारखान्याने बदल केला नाही. मग एमजीबीच्या मालकांसाठी नळीचे शॉकअप बसवण्याचे संच इतरांनी काढले, आणि हौशी मंडळींत ते आजही विकले जातात. खर्च वाढतो, साचे बदलावे लागतात आणि बहुतेक गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. कारखान्याचा हिशेब तेवढाच असतो. ज्याला फरक कळतो तो दुकान शोधतो.

नळीचा, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकअप मांडणीने साधा. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या, दट्ट्याला दांडा, दट्ट्यात भोके आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. तेल जोर करू लागले की चकती किंचित वाकून वाट देते, म्हणून विरोध चौपटीने न वाढता हवा तसा वाढवता येतो. दबताना तेल एका वाटेने जाते, सुटताना दुसऱ्या, त्यामुळे दोन्हींचा कडकपणा वेगळा ठेवता येतो. सुटतानाचा विरोध साधारणपणे दुप्पट-तिप्पट ठेवतात, कारण दबताना स्प्रिंग मदतीला असते आणि सुटताना तीच विरोधात. १९२२ च्या लान्सिया लाम्ब्डाच्या पुढच्या चाकांच्या खांबांत स्प्रिंग आणि तेलाचा शॉकअप एकत्र बसवलेला होता. अमेरिकेत नळीचा शॉकअप घरोघर नेणाऱ्यांत मन्रो कंपनी पुढे होती. मिशिगनमधल्या त्याच नावाच्या गावात १९१६ साली टायरमध्ये हवा भरायचे पंप बनवत ती सुरू झाली आणि १९२६ पासून शॉकअपकडे वळली. पंप बनवणाऱ्याला नळी, दट्ट्या आणि सील यांची जाण आधीच होती, हे विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मॅक्फर्सनची रचना आली. १९४९-५० पासून फोर्डच्या फ्रेंच आणि ब्रिटिश गाड्यांवर दिसलेल्या या रचनेत शॉकअप हा चाकाला उभे धरणारा खांबच झाला. जागा आणि पैसा दोन्ही वाचले, आणि जगातल्या बहुतेक लहान मोटारींनी ती उचलली. शॉकअप बदलणे मात्र अवघड झाले. आधी दोन बोल्ट काढले की काम संपे. आता स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरावी लागते आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे लागते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम घरी करू नये.

युद्धोत्तर युरोपातल्या दोन नावांवर बाहेरच्या शॉकअपचा आजचा धंदा उभा आहे. नेदरलँड्सच्या आउड-बायरलांड गावातली कोनी मुळात १८५७ पासूनची घोड्याचे सामान आणि गाड्या बनवणारी पेढी. मोटारींनी घोडे हटवले तशी ती बदलली आणि १९३२ साली शॉकअप बनवू लागली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे जुळवता येणारा शॉकअप: काढून पूर्ण दाबायचा आणि दांडा फिरवायचा, की सुटतानाचा विरोध वाढतो. झिजलेला माल टाकून न देता आवळून पुन्हा कामाला लावता येई. तेलाच्या नळीत हार्टफर्डचा नट परत आला म्हणायचे. दुसरे नाव बिल्स्टाइन. जर्मनीत १८७३ पासून खिडक्यांचे सामान बनवणाऱ्या या घराण्याच्या कंपनीने फ्रेंच शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ याची कल्पना उचलली आणि १९५७ साली मर्सिडीज-बेंझसाठी तिचे उत्पादन सुरू केले.

द कार्बाँची कल्पना कळायला शॉकअप दमतो कसा ते पाहावे लागते. साध्या शॉकअपला नळीत नळी असते. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्यावर हवा. दट्ट्याचा दांडा आत शिरला की तेवढे तेल बाहेर जायला जागा लागते, म्हणून ही दुसरी नळी. खराब रस्त्यावर दट्ट्या मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होतो. हवा तेलात मिसळते, फेस होतो, आणि फेसाला अडथळा म्हणून काही किंमत नसते. शिवाय शॉकअप उसळीचे रूपांतर उष्णतेत करतो. तेल तापून पातळ होते. गाडी सकाळी ठीक असते आणि दुपारी होडीसारखी डोलू लागते. द कार्बाँने एकच नळी ठेवली, तळाशी मोठ्या दाबाचा नायट्रोजन भरला आणि वायू व तेल यांच्यामध्ये सरकता दट्ट्या बसवला. हवा तेलाला भेटतच नाही, दाबामुळे फेस धरत नाही, आणि तेलाची नळी थेट वाऱ्याला लागून असल्याने उष्णता लवकर जाते. तोटाही आहे. बाहेरून दगड लागून नळीला पोचा आला की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांचा शॉकअप तेवढा मार सहन करतो.

शॉकअपची खरी कसोटी लागली ती ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर पत्र्यासारख्या लाटा उठतात. दोन लाटांत पाऊण मीटर अंतर धरले आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला पंचवीसहून जास्त धक्के बसतात, तेही तासन्‌तास, रणरणत्या उन्हात, टपावर पाणी आणि डिझेल लादलेले असताना. शहरासाठी बेतलेला शॉकअप तिथे तापून निकामी होतो. मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेली एआरबी आणि तिच्या हाती आलेली ओल्ड मॅन एमू ही शॉकअपची छाप या गरजेतून मोठी झाली. तिथल्या दुकानदारांनी एक महत्त्वाची गोष्ट रूढ केली: शॉकअप सुटा विकायचा नाही, गाडीवर किती वजन कायम राहणार ते विचारून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने द्यायचे. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, तिला आवरायला शॉकअपही त्या ताकदीचा लागतो. नुसती एक वस्तू बदलली की गाडी आधीपेक्षा वाईट चालते. त्याच दशकात मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींनी आणखी भर घातली. अमेरिकेत फॉक्स आणि स्वीडनमध्ये १९७६ साली केंथ ओलिन याने काढलेली ओलिन्स या कंपन्या त्या मातीत वाढल्या. शॉकअपशेजारी वेगळ्या डबीत जादा तेल आणि वायू ठेवण्याची पद्धत दुचाकींच्या शर्यतीत रुळली आणि मग जीपगाड्यांवर आली.

भारतात परवान्याच्या काळात निवडीला वाव नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट, पुढची पद्मिनी, हिला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे. अॅम्बॅसॅडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटेच. जीपला चारही बाजूंनी पाटे. १९६१ साली मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना निघाला आणि फॉस्टरच्या भोंग्याचे नाव मुंबईच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत रुळले. तरी नवा शॉकअप महाग वाटे, म्हणून रिपेअरची कला वाढली. तेल गळू लागलेला शॉकअप लेथवर कापायचा, सील बदलायचे, तेल भरायचे, पुन्हा बंद करायचा. कारागीर बरेचदा मूळपेक्षा जाड तेल भरत. गाडी कडक झाली की गिऱ्हाईक खूश. थंडीत मात्र तोच शॉकअप काठीसारखा वागे. टॅक्सीवाल्यांचा उपाय निराळा: मागे एक पाटा वाढवायचा. पाच-सहा माणसे आणि टपावर बोजे घेऊन गाडी बसायची थांबे. रिकामी परतताना मात्र ती दगडासारखी उडे, कारण शॉकअप जुनाच राहिलेला असे. ऑस्ट्रेलियन दुकानदार जी चूक टाळायला शिकवतो तीच ही, फक्त इथे ती पैशाअभावी होत असे.

१९८३ च्या मारुती ८०० ने मॅक्फर्सन रचना आपल्या गल्लीबोळांत आणली आणि मेकॅनिकांना स्प्रिंग कॉम्प्रेसर घ्यायला लावले. दुचाकींसाठी १९८५ पासून औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एन्ड्युरन्स कंपनी वाढली. हौशी बाजार मात्र जिप्सीभोवती जमला. १९८५ ची मारुती जिप्सी चारही बाजूंनी पाट्यांची, हलकी आणि उडती. रॅलीत तिला तोड नव्हती. रिकामी चालवताना मात्र मणके मोजून घ्यावेत अशी. हिमालयातल्या आणि राजस्थानच्या रॅलीत उतरणाऱ्यांनी तिच्यावर बाहेरचे शॉकअप आणि मऊ पाटे चढवले, आणि त्यांच्या मेकॅनिकांकडून ही विद्या पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत पसरली. महिंद्राच्या थारचेही तसेच. २०१० च्या गाडीला मागे पाटे होते, ते बदलून घेणाऱ्यांची रांग होती. २०२० च्या गाडीला कंपनीनेच चारही बाजूंनी कॉइल स्प्रिंगा दिल्या.

आता कारखाने स्वतः वरचढ माल देऊ लागले आहेत. २००२ साली कॅडिलॅकने चुंबकाने घट्ट होणारे तेल वापरलेला शॉकअप विकायला काढला, जो सेकंदाच्या अगदी लहानशा भागात मऊचा कडक होतो. अशा गाडीवर बाहेरचा साधा शॉकअप बसवला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. भारतात कायद्याचीही कड आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे लागू केले. त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉकअप लावल्याने प्रमाणपत्रातले काही बदलत नाही. गाडी वर उचलणारे संच आणि मोठी चाके यांचे तसे नाही. ते घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

गॅरेजमधली जुनी परीक्षा अजून चालते. बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडायचे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप धड आहे, दोन-तीनदा डोलली तर संपला. दांड्यावर तेलाने माखलेली धूळ दिसली तर सील गेले. शॉकअप बदलायचा तो एका अॅक्सलचे दोन्ही एकदम. एकच नवा लावला तर जोराच्या ब्रेकला आणि खड्ड्यात गाडी एका अंगाला ओढते.